रोजा धरण्याआधी एकदा दाखवून जा

२०१९ चा मे महिना. भोकरदन तालुक्यात पाण्याचे टँकर सुरू होते, पारा चाळिशीच्या वर होता आणि रमजानचे रोजे चालू होते. दुपारी दीडच्या सुमारास एक काळी-पिवळी जीप थेट आमच्या दवाखान्याच्या पायरीला येऊन लागली. हसनाबादकडची पन्नाशी ओलांडलेली एक बाई होती. मिरची तोडायला गेली होती, तिथंच असंबद्ध बोलायला लागली आणि कोसळली. अंग घामानं निथळत होतं. ऊन लागलं असं समजून सोबतच्या बायकांनी तळपायाला कांदा चोळला होता. सिस्टरनं बोटाला सुई टोचून साखर पाहिली, ती ३८ निघाली.

शिरेतून ग्लुकोज दिलं. पाच-सात मिनिटांत तिनं डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं, हाताला लावलेली बाटली पाहिली आणि रडायला लागली. मला वाटलं, घाबरली असेल. ती म्हणाली, "फिर तो टूट गया, डॉक्टरसाब." जीव वाचल्याचं तिला त्या क्षणी काही वाटत नव्हतं, रोजा तुटला याचंच दुःख होतं.

नंतर तिच्या पिशवीतला केसपेपर काढला. अक्षर माझं होतं. तीनच आठवड्यांपूर्वी मी तिला ग्लिमेपिराइडची गोळी वाढवून दिली होती आणि पुढं लिहिलं होतं: सकाळी, नाश्त्याआधी. रमजान तोंडावर आलाय हे मला माहीत होतं. तिचं नाव कागदावर मीच लिहिलं होतं. तरी "रोजे धरणार का?" एवढे तीन शब्द मी विचारले नव्हते. तिनं आपल्या समजुतीनं गोळी सहरीला घेतली, सोबत चहा आणि दोन टोस्ट. मग दिवसभर अन्न नाही, पाणी नाही, वर मिरचीच्या सऱ्यांमध्ये वाकून काम. त्या गोळीचा परिणाम लांबतो, साखर पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणून तिला चोवीस तास ठेवून घेतलं.

यंदा रमजान फेब्रुवारीत येतोय. चंद्रदर्शनानुसार १८-१९ तारखेच्या सुमारास सुरू होईल. इस्लामी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं. आपल्या पंचांगासारखा अधिक महिना त्यात घालत नाहीत, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९९४ साली मी इंटर्नशिप करत होतो तेव्हाही तो फेब्रुवारीतच होता. म्हणजे माझ्या नोकरीत एक फेरा पुरा झाला. आपल्या भागात मे महिन्यातला रोजा चौदा-साडेचौदा तासांचा भरतो. यंदाचा जेमतेम तेरा तासांचा आणि ऊनही मवाळ. निरोगी माणसाला हे जड नाही. पण मधुमेहाची गोळी ऋतू बघून काम करत नाही.

ज्यांच्या घरी रोजे नसतात त्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पहाट फुटण्याआधीचं खाणं म्हणजे सहरी, सूर्यास्ताला रोजा सोडणं म्हणजे इफ्तार. मधल्या वेळात अन्न नाही, पाणी नाही, विडी-तंबाखू नाही, शरीरसंबंध नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर महिनाभर रोज निर्जळी. पण तेवढंच नाही. खोटं बोलणं, चहाडी, शिवीगाळ, राग यांचाही रोजा असतो. पोट उपाशी आणि जीभ मोकाट असेल तर त्याला ते लोक नुसतं भुकेलं राहणं म्हणतात. जकात, म्हणजे संपत्तीतला ठरलेला वाटा गरिबांना देणं, हेही बरेच जण याच महिन्यात करतात, आणि ईदच्या नमाजाआधी फितरा देतात, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटते. आमच्या घरी आई एकादशी करायची, आणि "एकादशी अन् दुप्पट खाशी" असं वडील तिला चिडवायचे. इफ्तारच्या वेळची भज्यांची परात पाहिली की मला वडील आठवतात. ते पुढं येईलच.

आता शरीरात काय होतं ते. सहरीचं अन्न पहिले चार-पाच तास पुरतं. त्यानंतर यकृत आपल्याकडची साठवलेली साखर थोडी थोडी रक्तात सोडू लागतं. हा साठा साधारण शंभर ग्रॅमचा असतो. तो ओसरत आला की शरीर चरबीकडे वळतं. या सगळ्याची चावी इन्सुलिनकडे असते. निरोगी माणसाचं स्वादुपिंड उपवासात इन्सुलिन आपोआप कमी करतं, म्हणून साखर घसरत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र स्वादुपिंडाला ढोसत राहते: सोड इन्सुलिन, सोड इन्सुलिन. पोटात काही असो वा नसो. आमच्या त्या बाईंच्या बाबतीत हेच झालं. जुनी ग्लायबेनक्लामाइड गोळी तर रोज्यात त्याहून धोक्याची, ती बदलून घेणंच बरं. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना तो फार कमी.

हे नुसतं माझ्या दवाखान्यातलं निरीक्षण नाही. २००१ साली १३ देशांतल्या बारा हजारांहून जास्त मधुमेही मुस्लिमांचा अभ्यास झाला होता. टाइप २ मधुमेहाच्या जवळजवळ ८० टक्के रुग्णांनी रमजानमध्ये रोजे धरले होते, आणि इन्सुलिनवरच जगणाऱ्या टाइप १ च्या ४३ टक्क्यांनी. साखर धोकादायकरीत्या उतरण्याचं प्रमाण एरवीच्या महिन्यांपेक्षा टाइप २ मध्ये सुमारे साडेसात पट झालं. म्हणजे आपण डॉक्टरांनी "रोजे धरू नका" असं कागदावर लिहून हात झटकले तरी दहातले आठ जण धरणारच आहेत. फक्त ते आपल्याला सांगणार नाहीत.

का सांगत नाहीत, हे मी त्या बाईंना दुसऱ्या दिवशी वॉर्डात विचारलं. म्हटलं, "खाला, कुराणातच आजाऱ्याला सूट आहे ना?" आहे. सूरह बकराच्या ज्या आयतींत रोज्याची आज्ञा आहे, तिथंच आजारी आणि प्रवासी यांना मुभा दिली आहे: नंतर दुसऱ्या दिवसांत ते रोजे भरून काढा. ज्यांना कधीच झेपणार नाही त्यांनी फिदिया द्यावा, म्हणजे सुटलेल्या प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही सूट आहे, मासिक पाळीत तर रोजा धरायचाच नसतो. खालांना हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्या म्हणाल्या, "घरात सगळे रोज्यानं, मी एकटी ताट घेऊन कुठं बसू? नातवंडं विचारतात, दादी, तुझा रोजा नाही?"

या उत्तरावर माझ्याकडे औषध नव्हतं. आणखी एक गोष्ट त्या सहज बोलून गेल्या. सहरीला सगळ्यांच्या आधी, पहाटे तीनला त्या उठतात. सगळ्यांना वाढून स्वतः बसेपर्यंत वेळ संपत आलेली असते, म्हणून चहा-टोस्ट. संध्याकाळीही सगळ्यांची इफ्तारी लावून मग त्यांची. रात्री तरावीहची नमाज झाली की भांडी. म्हणजे झोप चार तासांची, जेवण घाईचं, आणि गोळी मात्र पूर्ण. आमच्या पुस्तकांत रमजान आणि मधुमेहावर बरंच लिहिलंय. घरातली बाई सहरीला काय खाते, हे कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. नवरात्रात नऊ दिवस उपास करून घरच्यांचा स्वयंपाक करणाऱ्या बायकांचीही गत वेगळी नसते. त्यांनाही हे विचारायला हवं.

तेव्हापासून मी माझी पद्धत बदलली. रमजानच्या आधी शब-ए-बारात येते, यंदा ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे. तीच तपासणीची तारीख धरायची. त्या सुमारास येऊन साखर, रक्तदाब, किडनीची तपासणी करून घ्यायची आणि गोळ्यांचं नवं वेळापत्रक लिहून न्यायचं. ढोबळमानानं ते असं असतं: सकाळची मोठी मात्रा इफ्तारला न्यायची आणि सहरीची मात्रा कमी करायची. मेटफॉर्मिन दिवसातून तीनदा असेल तर दुपारची गोळी इफ्तारच्या गोळीसोबत. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या यांनी शरीरातलं पाणी कमी होतं, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. हे वाचून घरच्या घरी बदल करू नका. तुमचा कागद पाहिल्याशिवाय मीही तो करणार नाही.

काहींना मात्र मी स्पष्ट सांगतो, यंदा नको. गेल्या तीन महिन्यांत साखर खूप उतरून बेशुद्ध पडलेले, किडनी बरीच बिघडलेले, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, इन्सुलिनवरच्या गरोदर बायका. अशा वेळी माझ्या शब्दापेक्षा मशिदीतला शब्द जास्त वजनदार ठरतो. गावच्या इमामसाहेबांना मी एकदा विनंती केली होती. त्यांनी जुम्याच्या बयानात सांगितलं की हकीम मना करत असेल तर सूट घेणं हीसुद्धा इबादतच. त्यानंतरच्या आठवड्यात ओपीडीत जे विचारायला आले, तेवढे माझ्या पाच वर्षांच्या व्याख्यानांनी आले नव्हते.

लोकांच्या मनात एक मोठा गैरसमज असतो, बोटाला सुई टोचून साखर तपासली की रोजा तुटतो. तुटत नाही. इन्सुलिनच्या इंजेक्शनानंही तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात. ग्लुकोजच्या सलाईनची गोष्ट वेगळी, ते एक प्रकारे अन्नच आहे. दम्याच्या पंपाबद्दल मतभेद आहेत, ते आपल्या इमामांना विचारा, पण दम लागला असेल तर आधी पंप घ्या आणि मग विचारा. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा त्याच मिनिटाला सोडायचा. इफ्तारला अर्धाच तास उरलाय, हे त्या वेळी ऐकायचं नाही. हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढं अंधारी, बोलण्यात गोंधळ ही खूण घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. ते ऊन नसतं. कांदा चोळत बसू नका, साखर द्या.

खाण्याचं म्हणाल तर परंपरेतच अर्धं वैद्यक आहे. सहरी शक्य तितकी उशिरा आणि इफ्तार वेळ होताच, ही रीत आहे. त्यामुळे उपाशी राहण्याचे तास वाढत नाहीत. सहरीला ज्वारीची भाकरी, डाळ, अंडं, दही असं हळू पचणारं हवं. इफ्तारला खजूर आणि पाणी उत्तमच, मधुमेही असाल तर खजूर एक-दोन. बिघडतं ते पुढं. भजी, समोसे, लालभडक शरबत, परत जेवण, परत फिरनी. महिनाभर उपाशी राहूनही वजन तसंच राहण्याचं रहस्य त्या परातीत आहे. थोडं कमी झालंच तर ईदनंतर काही आठवड्यांत परत येतं.

दर रमजानला आणि दर आषाढीला माझ्या मोबाइलवर एकच मजकूर फिरून येतो, उपवासानं कर्करोग बरा होतो हे सिद्ध केल्याबद्दल जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं. फक्त रोज्याच्या जागी एकादशी येते. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं हे खरं. पेशी स्वतःचा खराब भाग मोडून पुन्हा कशा वापरतात, हे त्यांनी शोधलं, तेही यीस्टच्या पेशींवर. रोजा किंवा एकादशी त्यात कुठं नव्हती. रोजा धरणारा माणूस तो इबादत म्हणून धरतो, त्याला जपानच्या प्रमाणपत्राची गरज नसावी.

एक फायदा मात्र मी डोळ्यांनी पाहिलाय. एरवी अर्धा तास तंबाखूशिवाय राहवत नाही म्हणणारे आमच्या जिल्ह्यातले गडी रोज्यात तेरा-चौदा तास सहज राहतात. तंबाखू सोडवायला याहून चांगला मुहूर्त नाही. ईदच्या संध्याकाळी पुन्हा पुडी फोडतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

खालांनी त्या वर्षीचे उरलेले रोजे धरले नाहीत. मुलानं फिदिया म्हणून धान्य वाटलं. गोळी बदलली, साखर स्थिर झाली, आणि डिसेंबरात त्या स्वतःच विचारायला आल्या: आता दिवस लहान आहेत, थंडी आहे, सुटलेले काही रोजे भरून काढू का? सगळे तपास पाहून मी हो म्हटलं. एक दिवसाआड धरायचे, दुपारी साखर तपासायची, आणि सहरीला आधी स्वतः जेवायचं, मग बाकीच्यांना वाढायचं, अशी अट घातली. ही शेवटची अट ऐकून त्यांची सून हसली. पहिल्या रोज्याच्या संध्याकाळी मुलानं फोन केला, इफ्तारच्या आधी साखर १०४ होती.