कोंड्याचे मोल

पोट भरणे आणि शरीराचे पोषण होणे या दोन गोष्टी सदैव एकच असतात असे नाही. एकोणिसाव्या शतकात आशिया खंडातील असंख्य लोक रोज पोटभर भात खात असूनही एका भयंकर रोगाने पंगू होत व प्राणास मुकत. त्या रोगाचे नाव बेरीबेरी. प्रथम पाय बधिर होत, मग चालण्याची शक्ती जाई, काहींच्या अंगावर सूज येई आणि शेवटी हृदय थकून बंद पडे.

त्या काळी रोगजंतूंचा शोध नवा होता. तेव्हा हा रोगही जंतूंमुळेच होत असावा, असे वैद्यांस वाटे. तो जंतू शोधण्यासाठी १८८६ साली डच सरकारने जावा बेटावर एक पथक पाठविले. त्यात ख्रिस्तिआन आइकमन हा तरुण डॉक्टर होता. बटाव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, येथील लष्करी रुग्णालयात त्याने प्रयोगासाठी कोंबड्या पाळल्या होत्या. १८८९ साली त्या कोंबड्यांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले. बेरीबेरीच्या रोग्यांसारखीच त्यांची अवस्था झाली. परंतु काही महिन्यांनी, कोणताही औषधोपचार न करता, त्या पुन्हा चालू लागल्या!

आइकमनने चौकशी केली. कोंबड्यांना काही काळ रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातील उरलेला पांढरा भात घातला जात असे. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा उंची भात मुलकी कोंबड्यांना घालण्यास त्याने साफ नकार दिला. मग त्यांना कोंड्यासह असलेला साधा तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या.

पुढे जावातील सुमारे १०० तुरुंगांची पाहणी झाली. पांढरा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत दर ३९ जणांमागे एकास बेरीबेरी झालेला आढळला. कोंड्यासह तांदूळ खाणाऱ्यांत मात्र हे प्रमाण १०,००० मध्ये एक इतके अल्प होते. पांढऱ्या तांदळात काही विष असावे, असे आइकमनला वाटे. पण १९०१ साली त्याचा सहकारी ग्रिन्स याने खरे कारण ओळखले. दोष तांदळात जे होते त्याचा नव्हता. त्यातून जे काढून टाकले होते त्याच्या अभावाचा होता. त्या पदार्थास आज ‘ब-१’ जीवनसत्त्व म्हणतात. या संशोधनाबद्दल आइकमनला १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

भाताच्या दाण्यावर बाहेरून तूस व त्याखाली कोंड्याचा पातळ थर असतो. उखळात सडलेल्या तांदळावर या थराचा बराच भाग शिल्लक राहतो. वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या, तेव्हा तो पार घासून जाऊ लागला. तांदूळ मोत्यासारखा दिसू लागला, फार दिवस टिकूही लागला. परंतु ‘ब-१’ जीवनसत्त्व कोंड्याबरोबर निघून गेले. पिष्टमय अन्नापासून शक्ती निर्माण होण्यास ते आवश्यक असते आणि शरीरात त्याचा साठा काही आठवडेच पुरतो.

कोकणात व गोव्यात उकडा तांदूळ खाण्याची जुनी चाल आहे. भात तुसासह भिजवून उकडल्याने हे जीवनसत्त्व कोंड्यातून दाण्यात मुरते. मग सडल्यावरही त्याचा बराच अंश टिकतो. उलट, तांदूळ पुनःपुन्हा चोळून धुतल्याने किंवा भाताची पेज ओतून दिल्याने ते पाण्याबरोबर वाया जाते.

हातसडीच्या तांदळाची काळजीही अधिक घ्यावी लागते. कोंड्यात तेल असल्यामुळे तो लवकर खवट होतो. म्हणून तो बेताने आणावा व कोरड्या, झाकणाच्या डब्यात ठेवावा. ओल लागून बुरशी आलेले धान्य मात्र धुऊन वा शिजवूनही निर्धोक होत नाही. ते टाकून द्यावे हेच उत्तम. भाताबरोबर डाळ, उसळ व शेंगदाणे असले, तर उणीव सहज भरून निघते.

गरिबीत निभावून नेण्यास मराठीत ‘कोंड्याचा मांडा करणे’ असे म्हणतात. ज्या कोंड्याला सर्वांनी हलके मानले, त्याच्याच अभावी धडधाकट माणसे अंथरुणास खिळली. अन्नाची खरी पारख त्याच्या रंगावर नव्हे, तर त्याच्या गुणांवर ठरते.