माशीच्या केसांवरून सुचलेली युक्ती
शेतात किंवा जंगलात विखुरलेल्या शेकडो वायरलेस सेन्सरांवर कुणी मुकादम नसतो. आपल्यातले म्होरके कोण, हे त्यांनीच आपसात ठरवायचं. अट अशी, की दोन म्होरके शेजारी-शेजारी नकोत आणि ज्याच्या शेजारी म्होरक्या नाही असा साधा सेन्सरही उरू नये. यावरच्या जुन्या पद्धतींत बहुधा आपले शेजारी किती, हे आधी माहीत असावं लागतं. रेडिओच्या गोंगाटात तेच तर अवघड!

फळमाशीच्या अंगावर संवेदी केस उगवायचे असतात तेव्हा तिच्या पेशींपुढेही हाच पेच असतो. एखादी पेशी केसाची जननी व्हायचं ठरवते आणि ‘डेल्टा’ नावाच्या प्रथिनातून शेजारणींना तसा इशारा देते. त्यांच्या पृष्ठभागावरचं ‘नॉच’ तो इशारा टिपतं आणि त्या मुकाट्याने माघार घेतात. शेजारणींची मोजदाद नाही, लांबलचक निरोप नाहीत. जिला बराच वेळ इशारा मिळत नाही, तिने पुढाकार घेण्याची शक्यता वाढत जाते.

येहुदा अफेक, झिव बार-जोसेफ, नामा बारकाई आणि सहकाऱ्यांनी यावरून संगणकासाठी रीत बेतली. जानेवारी 2011मध्ये ती ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतींपेक्षा हिला वेळ थोडा जास्त लागतो. पण निरोप अवघ्या एका बिटाचा असतो. बॅटरीवर दिवस काढणाऱ्या सेन्सरांसाठी हा सौदा फायद्याचाच.