पंपाचे बेरिंग व ऑइल सील कसे बसवावे

दिवाळी सरली की बोथच्या आसपास हरभरा, गहू व रब्बी ज्वारीच्या पाण्याची घाई सुरू होते. पावसाळाभर पडून राहिलेला पंप नेमका याच दिवसांत खडखडू लागतो. शेतकरी बेरिंग बदलून घेतो, पहिले पाणी कसेबसे होते, दुसऱ्या पाण्याला पुन्हा तोच आवाज. मग दोष दुकानदाराला. नकली माल बाजारात असतो हे खरे. पण आमच्या पाहण्यात असे येते की, पुष्कळ बेरिंगे बसवतानाच मारली जातात, आणि उरलेल्यांत जुने बेरिंग ज्या कारणाने गेले ते कारण तसेच राहिलेले असते.

येथे आम्ही विहिरीवर अगर नाल्याकाठी बसवलेल्या, पट्ट्यावर किंवा कपलिंगवर चालणाऱ्या पंपाविषयी लिहीत आहोत. बोअरमधील पाणबुडी पंपाची रचना निराळी असते. तो घरी उघडू नये.

प्रथम जिवाची गोष्ट. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास वीज देण्यास सुरुवात झाली. त्यापूर्वी वीज पाळीने येई, म्हणून अनेकांनी ऑटो स्टार्टर बसवले, व काही ठिकाणी ते अजून आहेत. गेलेली वीज आली की असा पंप आपणहून सुरू होतो. तेव्हा नुसते बटण बंद करून पट्ट्याला हात लावू नये. मेन स्विच पाडावा, फ्यूज काढून खिशात ठेवावेत.

जुने बेरिंग काढल्यावर लगेच फेकू नये. ते डिझेलने धुऊन उजेडात पाहावे. तांबूस गंज दिसला तर पाणी आत शिरले. निळे-काळे पडले असेल तर ते तापले. ग्रीस संपले, नाही तर ठासून भरले. गोळ्यांची वाट एका अंगाला तिरकी झिजली असेल तर मोटर व पंप एका ओळीत नाहीत. आपल्याकडे हे तिसरे कारण फार. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, व पंपाचा ओटा तिच्याबरोबर हलतो. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीतही हेच घडत होते. तेथील चिकणमाती खचे, शाफ्ट वाकडे होत व बेरिंगे जात. त्या गिरणीतील इंजिनियर स्वेन विंगक्विस्ट यांनी १९०७ साली थोडा तिरकसपणा सहन करणारे बेरिंग काढले, व त्यातूनच एसकेएफ कंपनी उभी राहिली. आपल्या साध्या पंपात मात्र बहुधा तसले बेरिंग नसते. म्हणून ओट्याचा पाया मुरमापर्यंत न्यावा, आणि कपलिंगच्या दोन्ही तबकड्यांवर चारही बाजूंनी सरळ पट्टी धरून पाहावी.

नवे घेताना नंबर पाहावा. ६३०५ मधील शेवटच्या ०५ ला पाचाने गुणले की २५ मिलिमीटर, हे आतले भोक. ६३०६ चे ३०. ६२०५ चे भोकही २५ च असते, पण ते अंगाने लहान. म्हणून जुने बेरिंग सोबत न्यावे.

बसवताना एकच नियम लक्षात ठेवावा: जे कडे घट्ट बसायचे त्यावरच जोर द्यावा. शाफ्टवर चढवताना आतल्या कड्यावर, घरात बसवताना बाहेरच्या कड्यावर. बाहेरच्या कड्यावर ठोकून शाफ्टवर चढवले की सारा मार गोळ्यांतून जातो, वाटेवर बारीक खळगे पडतात, आणि पंप पहिल्या दिवसापासून गुणगुणतो. आतल्या कड्याच्या मापाचा पाइपाचा तुकडा घेऊन त्यावर हलके ठोके द्यावेत. बेरिंगवर थेट लोखंडी हातोडा मारू नये. ते पोलाद कठीण व ठिसूळ असते, कपचा उडून डोळ्यात जातो. डोळ्यांवर चष्मा असावाच. उघडे बेरिंग तेलाच्या डब्यात ठेवून तो डबा उकळत्या पाण्यात धरला तर कडे फुगून अलगद चढते. दोन्ही बाजूंनी झाकलेल्या, ग्रीस भरलेल्या बेरिंगला हे करू नये. ज्वाला तर कशालाच लावू नये.

शाफ्ट झिजून सैल झाला असेल तर काही फिटर पंचाने टोचे मारून तो फुगवतात. ही चार दिवसांची सोय आहे. लेथवाल्याकडे नेऊन शाफ्ट भरून घ्यावा किंवा नवा घालावा.

आता ऑइल सील. किंमत थोडी, पण बेरिंगचे आयुष्य त्याच्या हातात. सीलच्या ज्या बाजूला स्प्रिंग दिसते ती बाजू ज्याला अडवायचे त्याच्याकडे असावी: ग्रीस अडवायचे तर ग्रीसकडे, पाणी अडवायचे तर पाण्याकडे. काढण्यापूर्वी जुने कसे होते ते खडूने लिहून ठेवावे. ओठाला ग्रीस लावावे. कोरडे सील पहिल्या काही मिनिटांतच करपते. शाफ्टवरील चावीच्या खाचेची धार ओठ कापते, म्हणून तिच्यावर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळून मगच सील सरकवावे. लाकडी ठोकळ्याने ते सरळ बसवावे. जुन्या सीलने शाफ्टवर खोल चर पाडला असेल, नखाला अडकत असेल, तर नवे सील जागा असल्यास दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवावे, नाही तर शाफ्टवर स्लीव्ह चढवावी.

ग्रीस घराच्या रिकाम्या जागेच्या सुमारे एक तृतीयांश पुरे. ठासून भरले तर ते घुसळून तापते.

ग्लँडच्या दोरीतून थेंब थेंब पाणी पडलेच पाहिजे. ते थांबावे म्हणून नट आवळणारे शाफ्ट जाळतात. पण ते पाणी बेरिंगकडे जाऊ नये म्हणून शाफ्टवर एक रबरी कडे असते, व खाली निचऱ्याचे भोक असते. दुरुस्तीत ते कडे हरवते, भोक चिखलाने बुजते, आणि तांबूस गंजलेले बेरिंग पुन्हा हाती येते.

सर्व जोडल्यावर शाफ्ट हाताने फिरवावा. कोठेही अडता कामा नये. मग पंपात पाणी भरून अर्धा तास चालवावा व बेरिंगच्या घरावर तळहात ठेवावा. कोमट लागले तर ठीक. हात ठेववत नसेल तर पंप बंद करून उघडावा, हरभरा एक दिवस थांबेल.