त्रिबंधाचा अर्धाच धडा

२६ मे २०१६ रोजी डोंबिवलीतल्या प्रोबेस या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. १२ बळी आणि २००हून अधिक जखमी, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. २३ मे २०२४ला अमुदान केमिकल्सच्या स्फोटाने तीच जखम पुन्हा उघडली. प्रोबेसच्या चौकशीत प्रोपार्जिल क्लोराइडवर बोट ठेवले गेले. या रसायनाच्या टोकाला कार्बन-कार्बन त्रिबंध असतो, आणि तोच त्रिबंध ठाणे-डोंबिवलीच्या क्लासमध्ये दरवर्षी शिकवला जातो : 'आम्लतेनुसार क्रम लावा.' इथाइन, इथीन, इथेन. उत्तर मुलांना तोंडपाठ असते.

कारणही सोपे आहे. कार्बनच्या संकरित कक्षकात एस-कक्षकाचा वाटा इथेनमध्ये २५ टक्के, इथीनमध्ये ३३, तर इथाइनमध्ये ५० टक्के. एस-कक्षक केंद्रकाच्या जास्त जवळ असतो. त्यामुळे हायड्रोजन निघून गेल्यावर मागे उरलेली इलेक्ट्रॉनांची जोडी इथाइनमध्ये सर्वांत स्थिर राहते. आम्लतेचे माप असलेला पीकेए (जितका कमी, तितके आम्ल तीव्र) अनुक्रमे अंदाजे ५०, ४४ आणि २५. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, तेव्हा इथेन आणि इथाइन यांच्यातली दरी किती अफाट, पाहा! तरीही पाण्यापुढे इथाइन अब्जावधी पटींनी दुबळे आम्ल ठरते. त्याचा हायड्रोजन काढायला कॉस्टिक सोडा पुरत नाही, सोडामाइड लागते.

प्रयोगशाळेत अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटमध्ये अ‍ॅसिटिलीन, म्हणजेच इथाइन, सोडले की पांढरा साका बसतो. इथीन सोडले तर काहीच होत नाही. बहुतेक नोट्स इथेच थांबतात आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे. हा साका वाळला की नुसत्या घासण्यानेही फुटतो. म्हणून तो ओला असतानाच सौम्य आम्लाने नष्ट करावा लागतो. अ‍ॅसिटिलीन तांब्याच्या नळीतून नेत नाहीत, तेही याच आम्लतेमुळे : तांब्याशीही असाच स्फोटक क्षार तयार होतो.

प्रोपार्जिल क्लोराइडचा धोका आम्लतेतून येत नाही. त्रिबंधात भरपूर ऊर्जा कोंडलेली असते आणि उष्णता किंवा धक्का मिळाला की रेणू क्षणार्धात विस्कटतो. पण बंध तोच आहे. एमआयडीसीच्या भोंग्याच्या टप्प्यात बसून हा बंध शिकणाऱ्या मुलाला त्यातला फक्त दोन गुणांचा भाग सांगणे मला अक्षम्य वाटते. यातलीच काही मुले उद्या याच कारखान्यांत केमिस्ट म्हणून उभी राहणार आहेत. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनो, यंदा क्रम लावून झाला की पुढची पाच मिनिटे प्रोपार्जिल क्लोराइडला द्या.