जाड कादंबरी एकट्याने संपेना? पारायणाची रीत कामी येईल

‘पानिपत’ अनेक घरांत आहे, पण वाचनाची खूण मध्येच कुठेतरी अडकलेली. १९८८ सालच्या या कादंबरीचे लेखक विश्वास पाटील कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेर्ल्याचे. साताऱ्यातील ९९व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच.

मोठा ग्रंथ मिळून वाचणे या दोन्ही जिल्ह्यांना नवे नाही. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय, सुमारे ९ हजार ओव्या, सप्ताहात सात दिवसांत वाचून होतात. कारण रोजचा भाग ठरलेला, वेळ ठरलेली आणि कोण आले नाही हे लगेच कळते!

कादंबरीला इतकी घाई नको. आठवड्याला ५० पाने धरली, तर ६०० पाने १२ आठवड्यांत होतात. एकाने मोठ्याने वाचावे, म्हणजे नजर अधू झालेल्या आजोबांनाही बसता येते.

खरा फायदा वेगळाच. लढाईची तारीख, १४ जानेवारी १७६१, हा इतिहास. सदाशिवरावभाऊंच्या मनातले विचार मात्र कादंबरीकाराचे. एकट्याने वाचताना ही सीमा पुसट होते. गटात ‘हे खरेच घडले का?’ असे विचारणारा एखादा निघतोच. त्याच्यासाठी त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ शेजारी ठेवावे.