केळीची शीतखोली : थंडी आणि ओलावा यांचा मेळ

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा हे तालुके आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूरचा परिसर येथे तापीच्या खोऱ्यात पिकणाऱ्या केळीने खानदेशाला देशभर ओळख मिळवून दिली असून, ‘जळगाव केळी’ला २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले आहे. केळीचा घड हिरवा असतानाच कापला जातो आणि फळ नंतर पिकते. त्यामुळे शेतकऱ्याने वर्षभर राबून कमावलेली प्रत टिकणार की वाया जाणार, याचा निकाल बहुतांशी शीतखोलीत लागतो.

या खोलीकडून अपेक्षा केवळ थंडीची नसते. काश्मीर व हिमाचलातून येणारे सफरचंद साधारण ० ते १ अंश सेल्सिअस तापमानात महिनोन्‌महिने टिकते, परंतु तीच थंडी केळीला मारक ठरते. तापमान १३ अंशांच्या खाली गेले की सालीखालच्या वाहिन्यांत तपकिरी रेषा उमटतात, साल राखाडी पडते आणि असे फळ पुढे उबेत ठेवले तरी नीट पिकत नाही. खानदेशात हिवाळ्यात पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा शेतातील घडांनाही असाच चरका बसतो. उलट ३० अंशांच्या वर गर मऊ होतो, पण साल हिरवीच राहते. म्हणून हिरवी केळी १३ ते १४ अंशांवर साठवतात.

तापमानाइतकेच महत्त्व सापेक्ष आर्द्रतेला, म्हणजे हवा त्या तापमानाला जेवढी वाफ सामावू शकते तिच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे या प्रमाणाला आहे. हवा पूर्ण भरायला जेवढी वाफ कमी पडते, ती तूट जितकी मोठी, तितके पाणी ती फळातून वेगाने ओढून घेते. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या उन्हाळी दुपारी ही तूट १३ अंश व ९० टक्के आर्द्रतेच्या खोलीतील तुटीच्या सुमारे ४० पट भरते. परिणामी फण्यांचे देठ वाळतात, हाताळताना पडलेले ओरखडे काळे होतात आणि वजन घटते. सफरचंद अशा हवेत सुरकुतते व त्याचा करकरीतपणा जातो. यासाठी आर्द्रता ९० ते ९५ टक्के राखावी लागते. मात्र फळावर पाणी साचून राहिले, तर फणीच्या कापलेल्या भागातून बुरशी शिरते व कूज सुरू होते.

हा समतोल साधणे यंत्राच्या रचनेवर अवलंबून असते. शीतयंत्राची नळी खोलीतील हवेपेक्षा फारच थंड असेल, तर हवेतील वाफ तिच्यावर दवासारखी जमून वाहून जाते आणि खोली थंड होताहोताच कोरडी पडते. म्हणून नळ्यांचे क्षेत्रफळ मोठे आणि तापमानातील फरक लहान ठेवणे हिताचे असते, आणि त्यावर उरलेली तूट बारीक तुषार सोडणारे यंत्र भरून काढते.

पिकवणीच्या खोलीत तापमान १६ ते १८ अंशांवर आणून इथिलीन, म्हणजे पिकण्याची क्रिया सुरू करणारा वायू, अल्प प्रमाणात सोडतात. गरातील पिठूळ द्रव्याची साखर होऊ लागते, फळाचा श्वसनवेग वाढतो आणि त्यातून इतकी उष्णता निघते की खोक्यांच्या मध्यभागी हवा खेळवली नाही, तर आतली केळी बाहेरच्यांपेक्षा आधी पिकतात. रंग चढल्यावर आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत उतरवतात, कारण अतिओलाव्याने साल तडकते आणि केळी फणीपासून गळतात. इथिलीन सफरचंदातूनही बाहेर पडतो. म्हणून ही दोन फळे एकत्र साठवणे दोन्ही अर्थांनी, तापमानाच्या आणि वायूच्या, चुकीचे ठरते.

शीतखोलीची परीक्षा करण्यासाठी एक साधे साधन पुरते : शेजारी लावलेले दोन तापमापक, ज्यांतील एकाच्या फुग्याला ओले कापड गुंडाळलेले असते. १३ अंशांच्या खोलीत दोन्हींच्या आकड्यांत सुमारे एका अंशाचाच फरक दिसला, तर हवेत पुरेसा ओलावा आहे. फरक जसजसा वाढेल, तसतसे फळाचे वजन हवेत विरत आहे असे समजावे. खानदेशासारख्या कोरड्या हवेच्या प्रदेशात शीतगृह बांधताना शेतकऱ्याने, व्यापाऱ्याने आणि अनुदान देणाऱ्या शासनानेही टनांच्या क्षमतेबरोबर या फरकाची चौकशी केली पाहिजे, कारण थंडी विकत घेऊन ओलावा गमावणारी खोली केळी राखत नाही, ती फक्त सावकाश सुकवते.