शेल स्क्रिप्टमध्ये फाइलचं नाव: एक स्पेस आणि फोटो गायब!

टर्मक्समध्ये बॅकअपची स्क्रिप्ट लिहिताय? मग आधी फाइलच्या नावांकडे बघा. व्हेरिएबल उघडं ठेवलं, की शेल स्पेसपाशी नाव तोडतो. 'जुने फोटो' हे फोल्डर डिलीट करायला सांगितलं, तर तो 'जुने' आणि 'फोटो' अशी दोन नावं धरतो. शेजारी 'फोटो' फोल्डर असेल, तर तेच उडतं! आणि इथे रीसायकल बिन नसतो. म्हणून मी व्हेरिएबल कायम दुहेरी अवतरणचिन्हांत लिहितो.

नावात तारीख टाकताना स्लॅश नको. लिनक्स त्याला फोल्डरची सीमा मानतो. वेळेतला कोलन मेमरी कार्डवर चालत नाही. मी २०२५-०३-०७ असं लिहितो. वर्ष आधी असल्यामुळे फाइल्स आपोआप तारखेनुसार लागतात.